राणीची बाग, बुटका पाणघोडा आणि थळचा किनारा

१/
थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. इतिहासाची आवड असलेल्याला लगेच १६७९ साल आठवते. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा दोघांचा विरोध मोडून काढीत मराठ्यांनी त्या वर्षी खांदेरीवर तट उभारला. मात्र या किनाऱ्याला आणखी एक इतिहास आहे आणि त्यात तोफा नाहीत. मुलाबाळांसह प्राणी पाहायला जाण्याचा तो इतिहास आहे. हा धागा त्याविषयी. यात एक दगडी हत्ती, एक बुटका पाणघोडा, एक सुगरण आणि एक कासव भेटेल.

२/
अलिबाग तालुक्याची मुंबईची जुनी वाट समुद्रातून जाते. रेवस बंदरातून लाँच, मग भाऊचा धक्का, आणि तेथून भायखळा फार लांब नाही. किनाऱ्यावरच्या कुटुंबांत 'मुलांना मुंबई दाखवणे' म्हणजे काय, याची जी यादी असे तिच्यात राणीची बाग हमखास येई. तिथल्या तळ्यात पाणघोडा पाठ तेवढी वर काढून पडलेला असे. तो जबडा केव्हा उघडतो याची वाट पाहत गर्दी कठड्याशी थांबून राही. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी आफ्रिकेचा पहिला प्राणी पाहिला तो असा, डबा खाऊन झाल्यावर, वडिलांच्या खांद्यावर बसून.

३/
तसा पाणघोडा भारताला परका नाही. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या दोघांनी १८३६ मध्ये शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांवरून 'हेक्झाप्रोटोडॉन' या पाणघोड्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ, पुढचे सहा दात असलेला. नर्मदेच्या खोऱ्यातही पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. हिमयुगाच्या उत्तरार्धापर्यंत हे प्राणी भारतीय नद्यांत डुंबत होते. गंमत अशी की, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात आज जो बुटका पाणघोडा उरला आहे, त्यालाही विसाव्या शतकात काही दशके काही शास्त्रज्ञ याच प्रजातिसमूहात गणत असत. त्या बुटक्याची गोष्ट पुढे येईल. आधी बाग.

४/
बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर ३३ एकरांत नवी बाग आखण्यात आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' खुली झाली. शेजारचे संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झाले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. १८७३ मध्ये मूळ संस्था बंद पडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडण्यात आले.

५/
नाव व्हिक्टोरियाचे असले तरी लोकांनी त्याचे 'राणीची बाग' करून टाकले, आणि पुढे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले तरी बोलीतली राणी गेली नाही. कारण ती बाग खरोखरच लोकांची झाली होती. तिच्या आजूबाजूला गिरणगाव वाढले. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांना सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन सावलीत बसता येईल अशी जागा शहरात थोडीच होती. युरोपातील राजेरजवाड्यांचे खासगी प्राणिसंग्रह सार्वजनिक व्हायला मोठा काळ जावा लागला. मुंबईत मात्र प्राणिसंग्रहालय जन्मले तेच सार्वजनिक बागेच्या पोटी.

६/
बागेतला सर्वांत जुना 'प्राणी' मात्र दगडाचा आहे, आणि तो रायगड जिल्ह्याचा आहे. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर एक भव्य दगडी हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान निखळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, आणि उचलताना तो फुटला. विलायतेऐवजी त्याचे तुकडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये येऊन पडले. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते पुन्हा जोडले. हत्ती आजही भायखळ्यात उभा आहे, आणि बेट हत्तीविना त्याच्या नावाने ओळखले जाते.

७/
या हत्तीच्या कथेत एकोणिसाव्या शतकाची सगळी रीत आली. जे पाहण्याजोगे आहे ते त्याच्या जागेवरून उचलायचे आणि पाहणाऱ्याच्या शहरात आणायचे. वाटेत फुटले तर तुकडे ठेवायचे. दगडाला लावलेला हाच नियम जिवंत प्राण्यांनाही लागू होता. फरक इतकाच की फुटलेला हत्ती पन्नास वर्षांनी का होईना, जोडता आला. त्याच काळात पिंजऱ्याबाहेरच्या वाघ-बिबट्यांना मारणाऱ्यांना सरकार बक्षिसे देत होते. रानात ज्याच्या जिवाची किंमत ठरलेली, तोच प्राणी शहरात तिकिटाचा विषय. या दोन्ही गोष्टींत विसंगती आहे असे तेव्हाच्या फार थोड्या लोकांना वाटले.

८/
वाटले ते बागेच्या शेजारीच. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली, आणि तिच्या आरंभीच्या सभा भायखळ्याच्या त्याच संग्रहालयात भरत. उद्देश साधा होता. आपापली निरीक्षणे सांगायची आणि गोळा केलेले नमुने एकमेकांना दाखवायचे. आठांपैकी दोघे भारतीय होते. डॉ. आत्माराम पांडुरंग यांना आपण प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ते वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक होते, मुंबईतील औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती.

९/
सखाराम अर्जुन हे नाव दुसऱ्या एका प्रकरणातही येते. ज्या रखमाबाईंच्या खटल्याने १८८०च्या दशकात सारा महाराष्ट्र ढवळून निघाला, त्यांचे ते सावत्र वडील. सोसायटीला १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या मद्याच्या दुकानातली जागा देणारे एच. एम. फिप्सन यांनी पुढे डॉ. एडिथ पीची यांच्याशी विवाह केला, आणि याच डॉ. पीची रखमाबाईंच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पाठीराख्या ठरल्या. समाजसुधारणा आणि निसर्गाचा अभ्यास हे मुंबईत दोन वेगळ्या घरांतले विषय नव्हते. एकाच बैठकीतली माणसे दोन्ही करीत होती.

१०/
संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा संबंध तर थेट या किनाऱ्याशी येतो. साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ जकात आणि मीठ खात्यात नोकरीला होता. बदल्यांच्या गावांत उरण आणि रत्नागिरीही होती. 'ईएचए' या आद्याक्षरांनी तो लिहीत असे. घराच्या ओसरीवर येणारे बेडूक, मुंग्या, कावळे हे त्याचे विषय. बागेतला प्राणी पाहायला गावाने शहरात यावे, ही त्या काळची रीत. एटकेनने ती नकळत उलटी केली आणि वाचकाला सांगितले की प्राणी पाहायचा तर आधी आपल्या अंगणात पाहा. १८८६ पासून निघू लागलेल्या सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या संपादकांत तो होता.

११/
आता बुटका पाणघोडा. पाश्चात्त्य विज्ञानाला त्याची ओळख झाली ती हाडांवरून. लायबेरियाहून आलेल्या कवट्यांच्या आधारे फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन याने १८४४ मध्ये ही वेगळी जात असल्याचे जाहीर केले. हा तोच मॉर्टन, जो माणसांच्या कवट्या मोजून वंशांची उतरंड लावण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. युरोपातील अनेकांनी त्याच्या पाणघोड्यावर विश्वास ठेवला नाही. नेहमीच्या पाणघोड्याचे खुरटलेले पिल्लू असेल, असे त्यांना वाटे. १८७३ मध्ये एक जिवंत पिल्लू डब्लिनला पोचले आणि लगेचच मेले. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातले रहिवासी त्या प्राण्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. त्यांची साक्ष मात्र कोणी पुरावा मानली नाही.

१२/
शंका फिटली ती व्यापारामुळे. हॅम्बुर्गचा कार्ल हागेनबेक हा जगातील सर्वांत मोठा प्राणिव्यापारी. १९०७ मध्ये त्याने गजांऐवजी खंदक खणून उघड्यावर प्राणी दाखवणारे उद्यान सुरू केले, आणि आजच्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांनी तीच पद्धत उचलली. आफ्रिका-आशियातील माणसांची जिवंत प्रदर्शने भरवणाराही हाच हागेनबेक. त्याने हान्स शोमबुर्ग्क याला लायबेरियात पाठवले. शोमबुर्ग्कने १९१३ पर्यंत पाच बुटके पाणघोडे जिवंत पकडून हॅम्बुर्गला आणले. जेमतेम ७५ ते १०० सेंटिमीटर उंचीचा, पावणेतीनशे किलोपर्यंत वजनाचा, एकटा राहणारा, रात्री हिंडणारा हा लाजाळू प्राणी अखेर गर्दीसमोर आला.

१३/
पुढचा प्रसंग नीट लक्षात ठेवावा असा आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतील टायर-उद्योगपती हार्वी फायरस्टोन याच्या कंपनीने रबराच्या लागवडीसाठी लायबेरियात दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळवली. १९२७ मध्ये त्याच फायरस्टोनने अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना लायबेरियात पकडलेला एक बुटका पाणघोडा भेट दिला. त्याचे नाव बिली. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात तो १९५५ पर्यंत जगला आणि त्याला २३ पिल्ले झाली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत आज असलेले बहुतेक बुटके पाणघोडे त्याचे वंशज मानले जातात. बिलीच्या वंशाला पिंजऱ्यात आसरा मिळाला. त्याच्या मूळ भूमीत जंगलाच्या जागी रबराच्या रांगा उभ्या राहिल्या. दोन्ही गोष्टींमागे हात एकच होता.

१४/
आज लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट या चार देशांत मिळून अडीच हजारांहून कमी बुटके पाणघोडे उरले असल्याचा अंदाज आहे. नायजेरियातील उपजात बहुधा नामशेष झाली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जगभरच्या बंदिस्त बुटक्या पाणघोड्यांची वंशावळ-नोंदवही ठेवली जाते. कोणाचे कोणाशी नाते आहे, कोणाची जोडी लावावी, हे तिच्यावरून ठरते. शिकारी आणि व्यापाऱ्यांनी गोळा केलेल्या मूठभर प्राण्यांची ही संतती आता जातीच्या विम्यासारखी जपली जाते. म्हणून प्राणिसंग्रहालये निव्वळ तुरुंग आहेत असे म्हणून विषय संपत नाही. तसेच तेवढ्याने जात वाचली, असेही म्हणता येत नाही. वंशावळ जपली म्हणून जंगल परत येत नाही.

१५/
१० जुलै २०२४ रोजी थायलंडच्या खाओ खिओ प्राणिसंग्रहालयात जन्मलेली 'मू देंग' बहुतेक तरुण वाचकांना ठाऊक असेल. गुळगुळीत, चिडखोर, चावरे असे हे पिल्लू काही आठवड्यांत जगभरच्या मोबाइलवर पोचले. कुटुंबेच्या कुटुंबे तिला पाहायला लोटली. त्यांतल्या काहींनी तिला हलवण्यासाठी तिच्या अंगावर पाणी आणि वस्तूही फेकल्या. शेवटी शनिवार-रविवारी एका गटाला पाचच मिनिटे पाहता येईल, असा नियम व्यवस्थापनाला करावा लागला. त्या गर्दीतल्या अनेकांनी 'संकटग्रस्त' हा शब्द या प्राण्याच्या संदर्भात पहिल्यांदाच ऐकला असेल, हेही खरे. प्रेम आणि त्रास हे दोन्ही एकाच कठड्याशी उभे होते.

१६/
भारतात हा कठडा कायद्याने आखला गेला तो बऱ्याच उशिरा. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राणिसंग्रहालयांना मान्यता, जागेचे निकष, वैद्यकीय देखभाल हे सारे बंधनकारक झाले. तरी जुनी ओढ सुटली नाही. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आणण्यात आले. काही महिन्यांतच त्यांपैकी एक दगावला आणि शहरात मोठा वाद झाला. २०१७ मध्ये प्रवेशशुल्क वाढले. पूर्वी प्रौढांना ५ रुपये पडत, आता ५० झाले. मात्र आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांना मिळून १०० रुपयांचे कौटुंबिक तिकीट ठेवण्यात आले. बागेचा खरा ग्राहक कोण, हे महापालिकेला दीडशे वर्षांनीही नेमके माहीत होते.

१७/
आता थळच्या शेजारी यावे. थळहून उत्तरेला नवगाव ओलांडले की किहीम लागते. १९३० मध्ये, म्हणजे बिली वॉशिंग्टनला पोचल्यानंतर तीनच वर्षांनी, या गावात एक बेकार पक्षिशास्त्रज्ञ राहायला आला. बर्लिनहून पक्षिविज्ञानाचे शिक्षण घेऊन तो परतला, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्याची जागा निधीअभावी रद्द झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह तो किहीमला आला. त्याचे नाव सालिम अली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला तो ज्या संस्थेत गेला होता, ती हीच भायखळ्यात जन्मलेली नॅचरल हिस्टरी सोसायटी.

१८/
किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अलींनी ती महिनोन्‌महिने न्याहाळली. पक्ष्याचे मराठी नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की तो थांबतो. मादी येऊन घरटे तपासते. पसंत पडले तर तिथे राहते, आणि मग नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एकामागून एक जोड्या जमवण्याची ही रीत त्यांनी सविस्तर नोंदवली, आणि तो अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. एकही पक्षी पिंजऱ्यात न ठेवता अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्याने जगाच्या पक्षिविज्ञानात भर घातली.

१९/
याचा अर्थ सालिम अलींच्या पिढीने बंदूक खाली ठेवली होती, असा नाही. संग्रहालयांसाठी पक्षी मारूनच गोळा केले जात, आणि तेही ते करीत. पण किहीमला एक वेगळी दिशा दिसली. प्राणी जिथे राहतो तिथेच जाऊन, त्याच्या वेळेला, त्याला न हलवता पाहायचे. याच जिल्ह्यात दक्षिणेला फणसाडचे जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. जिथे एके काळी हाकारे उठत, तिथे आता शेकरू पाहायला आलेल्यांना आवाज न करण्याची सूचना दिली जाते.

२०/
या दिशेचे सर्वांत ठळक रूप सावित्री खाडीच्या पलीकडे, वेळासला दिसते. नाना फडणविसांचे हे गाव. येथील पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी. कुत्रे-कोल्हे आणि माणसे ती उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी जपण्याचे काम सुरू केले. पुढे वन विभागाची जोड मिळाली, आणि रायगड जिल्ह्यातील दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवरही घरटी राखली जाऊ लागली. वेळासचा कासव महोत्सव हे त्याचे फळ.

२१/
महोत्सव म्हणजे मांडव आणि ध्वनिवर्धक नव्हे. पहाटे गस्त घालणारा गावकरी वाळूतल्या खुणांवरून घरटे शोधतो. अंडी कुंपणाच्या आत, तितक्याच खोल खड्ड्यात हलवली जातात. दीड-दोन महिन्यांनी वाळू खचते आणि पिल्ले वर येतात. ती मोजून पाण्यापासून काही अंतरावर सोडली जातात. दोरीच्या अलीकडे पुण्या-मुंबईहून आलेली कुटुंबे उभी असतात. त्यांचा मुक्काम गावातल्याच घरांत, जेवण गावातल्याच चुलीवरचे. मोबाइलचा दिवा लावू नका, असे त्यांना बजावले जाते, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात. कधी एकही पिल्लू बाहेर येत नाही. मग रिकाम्या हाताने परतायचे, तक्रार न करता.

२२/
सोडलेल्या पिल्लांचे पुढे काय होते, हे माणसाला फार थोडे कळते, आणि जे कळते ते थक्क करणारे असते. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावर पाच कासविणींना उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली. त्यांतल्या पहिलीचे नाव 'प्रथमा', ती वेळासचीच. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. म्हणजे बंगालच्या उपसागरातली कासवीण अरबी समुद्राच्या काठी आली. गुहागरचे आणि ओडिशाचे किनारे एकाच जिवाचे घर असू शकतात, हे कळले ते त्या खूणपट्टीवर कोणीतरी लिहून ठेवलेल्या क्रमांकामुळे.

२३/
आणि पुन्हा थळ. हा मासेमारांचा गाव आहे. कासव सुट्टीच्या दिवशी दोरीपलीकडे दिसते तेव्हा गोजिरे वाटते. तेच जाळ्यात अडकते तेव्हा त्याला सोडायचे तर जाळे कापावे लागते. जाळे हे कोळ्याचे भांडवल. संरक्षणाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न इथे येऊन टोचतो. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने यावर एक योजना आणली. कासव, देवमासा, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वाघ मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या सरकारपासून कासव सोडणाऱ्याला भरपाई देणाऱ्या सरकारपर्यंत यायला या किनाऱ्याला शतकाहून अधिक काळ लागला.

२४/
एवढ्या काळात लाँचची दिशा उलटली. एके काळी घारापुरीचा हत्ती भायखळ्याला गेला आणि त्याच्यामागून थळ-अलिबागची मुले प्राणी पाहायला मुंबईला गेली. आज मुंबईची मुले कासव पाहायला कोकणात येतात. पाहणारा चालत प्राण्याच्या घरी जातो, प्राण्याच्या वेळेला जातो आणि न दिसल्यास परततो. प्राणिसंग्रहालयांच्या दोनशे वर्षांत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे. मात्र ज्यांना वेळासचा प्रवास आणि मुक्काम परवडत नाही, त्यांच्यासाठी चौघांचे १०० रुपयांचे तिकीट अजून हवेच. ज्यांचे घरच कापले गेले त्या बुटक्या पाणघोड्यांना बाझलची नोंदवही हवीच. अट एवढीच की तिकीट काढणाऱ्याला त्या घराची गोष्ट कोणीतरी सांगितली पाहिजे.

२५/
राणीच्या बागेत गेलात (बुधवार सोडून, त्या दिवशी ती बंद असते) तर पेंग्विनांच्या रांगेत उभे राहण्याआधी शेजारच्या संग्रहालयाच्या आवारात जा. तुकड्यांतून पुन्हा जोडलेला घारापुरीचा हत्ती तिथे उभा आहे. बरोबरच्या लहान मुलाला विचारा, हा मूळचा कुठला? मग पाणघोड्याच्या तळ्याशी आलात की तोच प्रश्न पुन्हा विचारा.